तलाव निर्दोष आहे, रंजू

रंजू, अन्याय तुझ्यावर झाला आहे, आणि तो तू गेल्यानंतर झाला आहे. गेल्या शुक्रवारी, तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, अंबाझरी तलावाच्या काठावर पोहण्याच्या बॅचेस चालवणाऱ्या मंडळाच्या हॉलमध्ये. तुझ्या फोटोला हार घातला गेला. अध्यक्षांनी खिशातून कागद काढला, तुझा जन्म, शिक्षण वगैरे वाचलं (दोन गोष्टी चूक होत्या, जाऊ दे) आणि शेवटी म्हणाले, "आपल्या रंजनाला पाण्याने नेलं. पुन्हा अशी वेळ कोणत्याही आईबापांवर येऊ नये म्हणून मुलींची सकाळची बॅच आजपासून बंद. हीच तिला खरी श्रद्धांजली." आणि श्वाससुद्धा न घेता, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

झालं! मी तोंड उघडलंच होतं. पण आपल्याकडे त्या दोन मिनिटांत कोण बोलतं? मोर्च्यात पोलिसांशी हुज्जत घालणारी मी, तुझ्या भाषेत 'पत्रकवाली', मान खाली घालून उभी राहिले. दोन मिनिटं संपली तेव्हा अध्यक्ष जिना उतरत होते आणि माणसं आपापल्या चपला शोधत होती. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता लिहिते. तू ऐक. बाकीचेही ऐकतीलच.

पाण्याने नेलं म्हणे! अगं, तू कोरड्या जमिनीवर गेलीस. इतवारीच्या बाजारात, तुमच्या भांड्यांच्या दुकानासमोर, हातगाडीवर लादलेल्या पत्र्याची कड तुझ्या टाचेला लागली. तू हळद दाबलीस, चिंधी बांधलीस आणि मला निरोप धाडलास, जखम सुकेपर्यंत पाण्यात येत नाही. आली नाहीस. एकही दिवस नाही. आठव्या दिवशी तुझा जबडा मिटला तो उघडेना. डॉक्टर धनुर्वात म्हणाले. वेळेवर एक सुई टोचली असती तर... हे वाक्य मी पुरं करत नाही, तुझ्या आईने, काकूंनी, ते बसल्या जागी हजारदा पुरं केलं आहे. त्यांच्यासमोर ते पुन्हा म्हणायची कुणाची छाती नाही. पण हिशेब सरळ आहे. पत्र्याने नेलं ना? मग इतवारी बंद करा! हातगाड्या बंद करा! तसं कुणी म्हणालं नाही. इतवारीत धंदा आहे. तलावात नुसत्या मुली आहेत.

आपली पहिली भेटही भांडणाचीच, आठवतं? आणीबाणी उठून काही महिने झाले होते आणि माझे हात पत्रकांसाठी नुसते शिवशिवत होते. सकाळी सहाला बांधावर उभी राहून मी पत्रकं वाटत होते, 'मुलींना कपडे बदलायला खोली मिळालीच पाहिजे!' तू पाण्यातून आलीस, ओल्या हातानं पत्रक घेतलंस, आणि माझी शाई तुझ्या बोटांवर उतरली.

"हे तू लिहिलं?"

"हो."

"पोहता येते तुले?"

"नाही."

"मंग पाण्यावर काहून लिहून राहिली वं? खोली येईन तवा येईन. आधी हे चादर धर."

आणि मी चादर धरली, कपडे बदलायला आडोसा म्हणून! मागण्यांचा गठ्ठा काखेत आणि दोन्ही हातांत फुलाफुलांची चादर, वाऱ्याने फडफडणारी. त्या सकाळपासून दीड वर्ष मी सायकल मारत येत राहिले. खोली आली नाही. मुली मात्र आल्या. आधी तू एकटी, मग तुझ्यामागे तीन, मग नऊ. त्यातल्या पाच जणींना तूच पहिल्यांदा पाण्यात नेलंस, हनुवटीखाली दोन बोटं धरून. "मान टाक. पाणी धरते तुले. तू पाण्याले धरू नको." मला पोहता येत नाही तरी ही वाक्यं पाठ आहेत.

एकदा मी विचारलं होतं, शहरातल्या टँकमध्ये शर्यती होतात, कप मिळतात, नाव छापून येतं, मग तुला हे उघडं, गढूळ, लांबलचक पाणीच का हवं? तू केस पिळत होतीस. सावनेरकडे आजोबांच्या शेतातल्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेली तू. म्हणालीस, "विहिरीत चार हात मारले का भित. टँकमंदी वीस हात मारले का भित. घरी तं हातबी मारा लागत नाही, भितच भित. मले एकडाव भित नसलेलं पाणी पाहाचं हाय."

भिंत नसलेलं पाणी! यावर मी लगेच वही काढली. तू वही हिसकलीस. "लिहू नको! सांगून राहिली मी तुले, भाषण नाही करून राहिली."

मग खिंडसी! रंजू, तो रविवार लिहिताना आताही माझं अक्षर पळतं आहे.

समुद्रातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला आपल्या भागातून एक मुलगी पाठवायची ठरली, आणि चाचणी दिवाळीनंतर रामटेकजवळच्या खिंडसी तलावात ठेवली. बांधापासून समोरच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत, आणि परत. नियम समुद्राचे. पोहणारीने नावेला हात लावायचा नाही. कुणी पोहणारीला हात लावायचा नाही. आणि शेवटी स्वतःच्या पायांनी पाण्याबाहेर, कोरड्यावर येऊन उभं राहायचं. तोवर पोहणं संपलं नाही. उतरणारी तू एकटीच. टाइमकीपर देशकर सर, शाळेत कवायत शिकवणारे, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, चेहऱ्यावर काही नाही.

तू अंगाला करडईचं तेल चोपडून काठावर उभी होतीस आणि पाण्यावरून वाफ निघत होती. डोंग्यात आम्ही तिघं. वल्हं मारणारे दसरूकाका, ज्यांचा जन्म त्या तलावात मासे धरण्यात गेला, सर, आणि मी, मामांचा डबा-कॅमेरा गळ्यात घालून. शिट्टी वाजली. तू गेलीस! पहिला अर्धा तास मी ओरडतच होते, काय ओरडत होते देव जाणे. सर म्हणाले, "बाई, तिच्या कानात पाणी आहे. ती ऐकत नाही. आम्ही ऐकतो आहोत."

दर अर्ध्या तासाने दसरूकाका लांब बांबूच्या टोकाला बांधलेला तांब्या तुझ्याकडे झुकवायचे, गूळ-लिंबाच्या पाण्याचा. तू पाय मारत जागेवर तरंगायचीस, बांबूला न धरता फक्त तांब्या घ्यायचीस आणि वर ओरडायचीस, "गूळ कमी पडला! सुधानं केलं वाटते!" मीच केलं होतं.

दुसऱ्या तासात वारा सुटला. खिंडसीला लाटा येतात हे मला माहीतच नव्हतं. डोंगा असा हेलकावत होता की मी काठ धरून बसले, आणि तू त्या लाटांतून जात होतीस, एक हात, दुसरा हात, मान वळव, श्वास, पुन्हा. टेकडीचा पायथा गाठून वळलीस. परत येताना तलावाच्या ऐन मध्यावर तू थांबलीस. सर ताडकन उठले. दसरूकाकांनी वल्हं उचललं. आणि तू काय केलंस? उताणी झालीस, हात पसरलेस आणि हसायला लागलीस. "सुधे! भितच नाही वं! कुठंच नाही!"

अगं, मी रडले. कॅमेरा गळ्यात होता आणि फोटो काढायचं सुचलं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट समोर तरंगत होती आणि मी नाक पुसत होते.

पुढचं लिहायला मला दोन महिने लागले आहेत. तुला हे कधी सांगितलं नाही.

त्या सकाळी निघण्याआधी काकू बांधाखाली ताट घेऊन बसल्या होत्या. निरांजन, कुंकू, सुपारी. दोन वर्षं 'पोरीच्या जातीनं' म्हणून नाही नाही करणाऱ्या काकू स्वतःहून तुला ओवाळायला आल्या होत्या. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "काकू, काठावर नको. ती आली की गुडघाभर पाण्यात उतरा आणि तिथेच ओवाळा. मी डोंग्यातून फोटो काढते. फोटोत दिसलं पाहिजे की आईसुद्धा पाण्याला भीत नाही." नियम मला तोंडपाठ होता, रंजू. सरांनी डोंग्यात बसताना पुन्हा वाचला होता. पण माझ्या डोळ्यांपुढे पत्रकाचं पहिलं पान होतं, त्यावर तो फोटो.

तू आलीस. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलीस, चालू लागलीस. काकू लुगड्यानिशी पाण्यात उतरल्या, निरांजन वाऱ्यात विझलं, त्यांनी तसंच ओवाळलं, कुंकवाचं बोट तुझ्या कपाळाला टेकवलं आणि तुला जवळ ओढलं. मी खटका दाबला. त्याच क्षणी शिट्टी.

"स्पर्श झाला," सर म्हणाले. "चार पावलं राहिली होती. चाचणी बाद."

काकू ताट धरून तशाच उभ्या. "म्हंजे? आली ना पोरगी?"

सरांनी घड्याळ खिशात टाकलं. मी कॅमेऱ्याची फिल्म पुढे सरकवली.

रामटेकच्या स्टँडवर तू तर्री-पोह्यांच्या तीन प्लेटा खाल्ल्यास आणि मी एकही नाही. एसटीत मी कागदावर मथळे पाडत होते.

"सर बराबर हाय," तू म्हणालीस.

"चार पावलं, रंजू! आईने कुंकू लावलं म्हणून तू बुडणार होतीस का?"

"नियम हाय. उद्या मी समुद्रात गेली तं तिथं माय ताट घेऊन येणार हाय का?"

"मी पत्रक काढणार."

"काढ." तू खिडकीबाहेर बघत होतीस. "पर काढाचं तं सगळं खरं काढ."

मी काढलं. 'आईच्या कुंकवाला गुन्हा ठरवणारा टाइमकीपर!' सायक्लोस्टाइलवर रात्रंदिवस हँडल फिरवून हात सुजले. सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत वाटलं. त्यात सरांना काय काय म्हटलं ते पुन्हा लिहीत नाही. सगळं खरं होतं, पण एक खरी ओळ, माझ्याबद्दलची, मी छापलीच नव्हती. सरांनी भर रस्त्यात ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि सायकलवर बसून गेले. तू माझ्याशी नऊ दिवस बोलली नाहीस. दहाव्या दिवशी निरोप, "चादर धराले कोणी नाही. ये."

आणि मग तो गुरुवार! कुणाला न सांगता तू पुन्हा खिंडसीला गेलीस. टाइमकीपर नाही, ताट नाही, कॅमेरा मुद्दाम घरी ठेवायला लावलास. डोंग्यात दसरूकाका आणि मी, बाबांचं मनगटी घड्याळ घेऊन. त्या दिवशी पाणी आरशासारखं होतं आणि तू त्यावरून अशी गेलीस, अशी, की अर्ध्या वाटेत मी घड्याळाकडे पाहिलं आणि उभीच राहिले. डोंगा एका अंगाला कलला.

"बाई, बसा खाली," दसरूकाका ओरडले. "पोहणारी एकच हाय. दुसरीले काढाले मी म्हातारा पुरत नाही!"

रविवारपेक्षा सहा मिनिटं कमी! सहा! तू काठाला लागलीस, उभी राहिलीस, चाललीस. पाणी घोट्याशी आलं, संपलं, तरी चालत राहिलीस, पार म्हशी बसल्या होत्या तिथपर्यंत. तिथून ओरडलीस, "हे कोरडं हाय ना? पाहून घे नीट! नाही तं पत्रक काढशीन!" दसरूकाका हसून हसून खोकायला लागले. मी चिखलातून धावत आले. तू माझ्याकडे बघितलंस, श्वास अजून लागलेला, आणि विचारलंस, "त्या दिवशीचे ते चार पावलं कोणाचे होते वं, सुधे?"

मी म्हणाले, "सरांचे. दुसऱ्या कुणाचे?"

तू मान हलवलीस. टॉवेल मागितलास. मला वाटलं, थकली आहे.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. काकू जमिनीवर बसल्या होत्या. मी पुढ्यात बसले आणि बोलून टाकलं. "काकू, त्या दिवशी मी तुम्हाला पाण्यात उतरा म्हणाले नसते तर रंजूची निवड झाली असती. मी तिला कधी सांगितलं नाही."

"मालूम हाय मले. मीच होती ना तिथं."

"तिला कळलं असतं तर..."

"कळलं असतं काय, तिनं त्याच दिशी काठावरच इचारलं मले. 'माय, तू पाण्याले भेतेस, उतरली कशी?' मी सांगतलं, सुधा म्हणे म्हणून उतरली."

"मग? चिडली?"

"हासली. म्हणे, पाहू, आपल्या तोंडानं सांगते का."

रंजू, तू वाट पाहत होतीस! एसटीत, नऊ दिवस, त्या गुरुवारी कोरड्यावर उभी राहून. प्रत्येक वेळी तू माझ्या हनुवटीखाली दोन बोटं धरलीस आणि प्रत्येक वेळी मी मान ताठ ठेवली. जगाला जाब विचारणारी मी, तुझा एक साधा प्रश्न टाळत राहिले. आणि तरी तू माझ्या हातात चादर देत राहिलीस. एवढा मोठेपणा मला पत्रकात कधी लिहायला मिळाला नव्हता. तू आत्ता समोर असतीस तर शिव्या दिल्या असत्या तुला, एवढं गप्प बसतात का म्हणून. आणि मग तुझे पाय धरले असते.

तर हे घे, छापील, आपल्या तोंडाने. ती चार पावलं माझी होती. देशकर सर बरोबर होते. त्यांच्यावरचं पत्रक मी मागे घेते, शब्द न शब्द. सरांच्या घरी जाऊनही सांगितलं. त्यांनी मला चहा दिला. मंडळाच्या निर्णयाबद्दल विचारलं तर म्हणाले, "मी मंडळाचा माणूस आहे. मला बोलता येत नाही." मग माझा रिकामा कप उचलून ठेवला. "पण रविवारी सकाळी मी तलावाकडे फिरायला जातोच. शिट्टी माझ्या खिशात असतेच."

अध्यक्षांकडेही गेले. आता पायऱ्यांकडच्या फाटकाला कुलूप आहे. त्यावर पाटी, 'कु. रंजना हिच्या स्मृतीप्रीत्यर्थ मुलींना प्रवेश बंद.' तुझ्या नावाने, रंजू! जिच्यामागे नऊ जणी पाण्यात उतरल्या तिच्या नावाने! मी म्हटलं, कुलूप काढा. ते म्हणाले, "तू कोण? पालकांची तक्रार नाही. एकाही पालकाने बॅच चालू ठेवा म्हटलेलं नाही. पालक येऊन म्हणाले तर पाहू." खोटं बोलत नव्हते. खरंच कुणी गेलं नव्हतं.

हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा उठून उभ्या राहिल्या. "माह्या पोरीच्या नावानं कुलूप? मले कोणी इचारलं?" मग म्हणाल्या, "पाण्यात असे तवा मले तिचा घोर नसे. बाहेर असे तवा असे. मी येतो रविवारी. पालक पायजे ना त्याईले? मी हाव पालक."

आता तुझ्याशी बोलणं थांबवते, रंजू. आता वाचणाऱ्याशी बोलायचं आहे.

तुम्ही, हो तुम्हीच. ज्या नऊ मुली घरी बसल्या आहेत त्यांचे आईबाप तुम्ही असाल, नाहीतर तुमच्या घरात अशी मुलगी असेल जिने अजून गुडघ्याच्या वर पाणी पाहिलेलं नाही. घरच्यांना धनुर्वाताची सुई टोचून घ्या, ते आजच करा. आणि येत्या रविवारी सकाळी सहाला अंबाझरीच्या बांधावर या. काकू येणार आहेत. काकूंकडे बरोबर आणायला मुलगी नाही. तुमच्याकडे आहे. तिचा हात धरून फाटकासमोर उभे राहा, अध्यक्षांच्या डोळ्यांत बघून स्वतःच्या तोंडाने म्हणा, 'ही माझी मुलगी, ही पोहणार आहे,' आणि कुलूप निघेपर्यंत जागचे हलू नका.